तीन वह्या, एक दुखणे

भाद्रपद लागला की आमच्या कोंढ्याच्या शिवारात धानाच्या बांध्यांवरून एक उग्र वास फिरू लागतो. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, पाय चिखलात. फवारणी सुरू झालेली असते. गंमत अशी, की या विषाला आपण सारेच ‘औषध’ म्हणतो!

दोन वर्षांपूर्वी शेजारचा एक मजूर फवारून आला तो डोके धरूनच. उलट्या, अंग घामाने चिंब, डोळ्यांपुढे अंधारी. मी त्याला एका दवाखान्यात नेले. सलाईन लागले, तिसऱ्या दिवशी तो घरी आला. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘उलटी, चक्कर’. काय फवारले होते, हे कोणी विचारले नाही. सांगावे हे मलाही सुचले नाही. रिकामा डबा बांधावरच पडून होता.

तेव्हापासून एक विचार पाठ सोडत नाही. कृषी केंद्राच्या बिलबुकात औषधाचे नाव असते, दवाखान्याच्या वहीत दुखणे असते आणि कृषी सहायकाच्या वहीत कोणत्या गावात कोणती कीड आली ते असते. तिन्ही वह्या खऱ्या. पण एकमेकींना ओळखत नाहीत.

हे किती महागात पडते, ते २०१७ साली यवतमाळने दाखवले. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, फवारा वर मारावा तर तो अंगावरच यायचा. त्यात दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवलेली. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. मग विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. पण तोवर हंगाम सरत आला होता. पहिल्या दहा-वीस रुग्णांची गावे आणि त्यांनी वापरलेली औषधे एका कागदावर आली असती, तर?

लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी पटकीने दगावलेल्यांची घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती एका पंपाभोवती गोळा झालेली दिसली. त्यांनी केले एवढेच, की मृत्यू आणि पाणी शेजारी ठेवले.

आपल्याकडे कायदाही आहे. केरळात १९५८ साली पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नाने शंभरावर माणसे गेली. पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्याच्या २६व्या कलमानुसार कीटकनाशकामुळे झालेली प्रत्येक विषबाधा कळवणे राज्य सरकारला सक्तीचे करता येते. त्यासाठी रुग्णाचे नाव उघड करण्याचीही गरज नाही. गाव, आठवडा आणि औषध एवढे कळले, तरी पुढच्या गावाला वेळीच सावध करता येईल.

नाव कळल्याने रुग्णाचाही जीव वाचू शकतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या विषावर ॲट्रोपिन देतात. इतर कित्येक विषांवर खास उताराच नाही. डॉक्टरांनी तरी अंदाज किती बांधायचा?

आमचा तो शेजारी आजही फवारायला जातो. पोटासाठी जावेच लागते. मी त्याला निघताना सांगतो, ‘भाऊ, डबा फेकू नको. जीव घाबरला, तर तो सोबत घेऊन दवाखान्यात ये.’ वह्या एकत्र येईपर्यंत निदान डबा तरी बोलेल.