अल्प गुण आणि वैद्यकीय प्रवेश : आधी निदान, मग चिकित्सा

जून महिना आला की आपल्या चिकित्सालयांत नाडी दाखविण्याऐवजी 'नीट'ची गुणपत्रिका दाखविणारे पालक येऊ लागतात. "डॉक्टर, मुलाला एकशे चाळीस आहेत. काही होईल का?" हा त्यांचा प्रश्न. माझी स्वतःची बारावीची गुणपत्रिकाही अभिमानाने पुढे करावी अशी नव्हती; म्हणून हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही.

रुग्ण पाहताना आपण प्रथम साध्यासाध्यत्व ठरवितो. तेच येथेही करावे. ७२० पैकी १४० हा आकडा स्वतः काहीच सांगत नाही. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ५० व्या पर्सेंटाइलवर असते आणि तेथील गुण दरवर्षी बदलतात. २०२२ मध्ये ते ११७ होते, २०२५ मध्ये १४४. म्हणजे तेच १४० गुण एका वर्षी पात्र आणि दुसऱ्या वर्षी अपात्र! इतर मागास, अनुसूचित जाती व जमातींसाठी ही रेषा ४० व्या पर्सेंटाइलवर, २०२५ मध्ये ११३ गुणांवर होती. पात्रता म्हणजे प्रवेश नव्हे, हे मात्र पालकांना स्पष्ट सांगावे. एवढ्या गुणांत एम.बी.बी.एस.ची आशा दाखविणे ही वंचना होय, बी.ए.एम.एस.चा विचार त्या वर्षीच्या गुणवत्ता यादीवरून करावा.

रेषेखाली असलेल्या विद्यार्थ्यास खासगी महाविद्यालयाच्या संस्थास्तरीय जागेवरही प्रवेश मिळत नाही. आयुष अभ्यासक्रमांसाठीची ही किमान पर्सेंटाइलची अट सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२० रोजी ग्राह्य ठरविली आहे. तरीही 'पात्र नसला तरी करून देतो' म्हणणारे मध्यस्थ दरवर्षी भेटतात. त्यांच्या हाती पैसे देणारे आपलेच व्यवसायबंधू असावेत, याचे अधिक वाईट वाटते.

आता चिकित्सेकडे वळू. परीक्षेत १८० प्रश्न असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. एका विद्यार्थ्याची ६० उत्तरे बरोबर व १०० चूक, दुसऱ्याची ४० बरोबर व २० चूक. दोघांचेही गुण १४०! लक्षण एकच, पण व्याधी भिन्न. पहिल्याने सर्व अभ्यासक्रम वरवर चाळला आहे. त्याच्या चुकलेल्या उत्तरांपैकी केवळ २० सुधारली तर तो २४० वर जातो. त्याला हवी ती उजळणी आणि सरावपरीक्षा. दुसऱ्याने थोडेच वाचले, पण नीट वाचले. त्याला नवे पाठ हवेत. आणखी २५ प्रश्न बरोबर आले की तोही २४० वर. दोघांना एकाच खासगी वर्गात बसवून एकच 'बॅच' देणे म्हणजे प्रकृती न पाहता काढा पाजणे. यास्तव अधिकृत उत्तरतालिका आणि उत्तरपत्रिकेची प्रत समोर घेऊन चुकांची मोजणी करावी. हे काम वडिलांनी एका संध्याकाळी घरी बसून करता येते.

निम्मे गुण, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. समान गुण मिळाल्यास क्रमवारीत प्रथम जीवशास्त्रच पाहिले जाते. अल्प गुणांच्या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्राच्या भीतीत वर्ष घालविण्यापूर्वी एन.सी.ई.आर.टी.ची अकरावी-बारावीची जीवशास्त्राची पुस्तके आकृत्यांसह तोंडपाठ करावीत. पुन्हा परीक्षा देण्यास प्रयत्नांची मर्यादा नाही. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये रद्द झाली. मात्र दुसऱ्या प्रयत्नातही विशेष फरक न पडल्यास बी.फार्म.चा पर्याय मोकळा असावा. त्यासाठी राज्याच्या सीईटीचा अर्ज वेळेत भरलेला हवा. औषधालय चालविणाऱ्या घरांतही हे विसरले जाते, याचे नवल वाटते.

गुणांइतकीच हानी कागदपत्रांनी होते. आमच्या गावातील एका औषधविक्रेत्या स्नेह्यांच्या कन्येस आपल्या प्रवर्गातून शासकीय जागा मिळण्याइतके गुण होते. परंतु नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपली होती. नवे हाती येईपर्यंत छाननीची तारीख उलटली. तिची गणना खुल्या प्रवर्गात झाली आणि जागा गेली. अधिवास, जात प्रमाणपत्र, जातवैधता व नॉन-क्रिमीलेअर ही प्रमाणपत्रे मुलगा वा मुलगी अकरावीत असतानाच हाताळावीत. जातवैधतेस लागणारा काळ आपल्या हातात नसतो.

पसंतीक्रम भरताना 'जिल्ह्याबाहेर नको' हा हट्ट सोडावा. राज्यातील आयुर्वेद महाविद्यालयांची यादी मागील वर्षाच्या शेवटच्या प्रवेशित क्रमांकासह समोर ठेवावी आणि दूरची महाविद्यालयेही निःसंकोच लिहावीत. अखिल भारतीय १५ टक्के जागांची नोंदणी वेगळी असते, तीही करावी. संस्थास्तरीय फेरीत धाव घेण्यापूर्वी आणखी एक हिशेब मांडावा : जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एस.ई.बी.सी. व इतर मागास घटकांतील मुलींना जी संपूर्ण शुल्कमाफी मिळते, ती केंद्रीभूत प्रवेशालाच लागू आहे.

त्या स्नेह्यांच्या कन्येने पुढील वर्षी पुन्हा परीक्षा दिली. गुण केवळ अकराने वाढले. प्रमाणपत्रे मात्र या वेळी जानेवारीतच तयार होती. सध्या ती घरापासून तीनशे किलोमीटरवरील महाविद्यालयात द्वितीय वर्षात शिकते.