धावणाऱ्या पायांचे शास्त्र

सोयाबीन घरात आले की आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात पावले वाजू लागतात. चिखली, मेहकर, मोताळा, लोणार, कुठेही जा. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुले, आणि आता मुलीही, धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीतील ५० गुणांपैकी २० गुण मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावून मिळवायचे असतात. ज्यांच्या घरी दोन-तीन एकर कोरडवाहू शेतीखेरीज काही नाही, त्यांचे भांडवल म्हणजे हे दोन पाय. पण हे भांडवल कसे वाढते आणि कसे बुडते, याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, वैद्यकाचा नव्हे. तरीही व्यायामशास्त्राने या बाबतीत जे शोधून काढले आहे, ते आपल्या मैदानापर्यंत पोचावे म्हणून हा लेखप्रपंच.

व्यायामाचे संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातील प्रयोगशाळा उभी राहते. परंतु महाराष्ट्रातही या संशोधनाला शंभर वर्षांची परंपरा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे एके काळी आपल्या शेजारच्या खानदेशात अमळनेरला शिक्षणकार्य करीत होते. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली या क्रिया करताना पोटात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. योगावर त्यांची गाढ श्रद्धा होती. तरीही केवळ परंपरेने सांगितले एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी मोजून पाहिले. आपल्या धावण्यालाही हीच दृष्टी लावावयास हवी.

बळ केव्हा वाढते?

सर्वसामान्य समजूत अशी की जितके अधिक धावावे, तितके बळ वाढते. शास्त्र सांगते की बळ धावताना वाढत नाही, धावून झाल्यावर वाढते. व्यायामाने स्नायूंवर ताण येतो, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. पुढे अन्न आणि झोप मिळाली की शरीर ती डागडुजी करते आणि पुढच्या ताणासाठी थोडी अधिक तयारी करून ठेवते. हा अवधी न देता रोज नवा ताण घातला, तर डागडुजी अपुरी राहते.

दुसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचा दोष आपण ‘लॅक्टिक ॲसिड’ला देतो. वास्तविक ते व्यायामानंतर तास-दीड तासात रक्तातून बहुतेक निघून जाते. दुखणे असते ते या सूक्ष्म इजेचे. राजूर घाट चढताना दम लागतो, उतरताना लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या बहुधा उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार सावरीत असतो आणि अशा कामात त्याला इजा अधिक होते.

भार बेताबेताने वाढवावा, हे सूत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर वापरले. दुखावलेल्या गुडघ्यांना नुसती विश्रांती न देता त्यांनी मोजलेली वजने उचलावयास लावली व ती क्रमाक्रमाने वाढविली. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज भौतिकोपचारात, म्हणजेच फिजिओथेरपीत, तीच दृष्टी रुजलेली आहे.

नडगीचे दुखणे

आपल्या मुलांचा खरा शत्रू म्हणजे नडगीचे दुखणे. हाड आपल्याला दगडासारखे वाटते, पण ते जिवंत असते. त्यावर नवा भार पडू लागला की शरीर आधी जुने हाड पोखरून काढते आणि मग तेथे नवे भरते. पोखरणे काही आठवड्यांत होते. भरण्यास काही महिने लागतात. म्हणजे एकदम जोरात सराव सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हाड बळकट होण्याऐवजी काही काळ कच्चे असते. घर दुरुस्तीला काढले असताना त्याच भिंतीवर नवा मजला चढवावा, तसा हा प्रकार होतो. परिणामी हाडाला बारीक चीर पडते. प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायाच्या या दुखण्याचे वर्णन केले होते.

आमच्या गावातील एका तरुणाने भरतीची जाहिरात निघताच रोजचे अंतर दुप्पट केले. नडगी दुखू लागली तेव्हा तेलमालीश झाले, पट्टा घट्ट बांधून धावणे चालूच राहिले. चाचणीच्या दिवशी तो अर्ध्यातच बसला. चीर पडल्याचे पुढे कळले. तोवर वयाची अट संपली होती.

म्हणून दोन दुखण्यांतील फरक ओळखावा. नडगीच्या आतल्या कडेने लांबवर दुखत असेल व सराव कमी केल्यावर ओसरत असेल, तर प्रकरण बहुधा हाताबाहेर गेलेले नसते. परंतु एका बोटाने दाखविता येईल अशा जागी दुखत असेल, चालताना किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरकडे जावे. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. फोटो साफ आला म्हणून पाय साफ आहे असे नव्हे.

उपचारही बदलतात

शास्त्र आपले म्हणणे तपासून पाहते, हा त्याचा मोठेपणा होय. अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लचकेवर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे असा उपाय सांगितला व तो जगभर रूढ झाला. २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्यास विलंब होऊ शकतो. सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करावी, असा आता कल आहे.

याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण आपल्या मराठी मातीतलेच आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना पंगुत्व आले. उपचार म्हणून ते पोहू लागले. विहिरीतून बादली ओढताना पाण्यात असेपर्यंत ती हलकी लागते, वर आली की जड होते; पाण्यात शरीराचेही तसेच. पांगळ्या अंगालाही तेथे हालचाल साधते. हेच पेटकर १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय.

आपण काय करावे?

खर्चाचे काहीच नाही. एक वही घालावी. रोजचे अंतर, वेळ, झोप आणि दुखणे लिहावे. अंतर आठवड्याला थोडेच वाढवावे. जाहिरातीची वाट न पाहता सहा-आठ महिने आधी सुरुवात करावी. धावण्यापूर्वी दहा मिनिटे संथ चाल-धाव करून अंग गरम करावे.

मात्र एक अडचण पुस्तकांत सापडत नाही. दिवसभर पोती उचलणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्याला विश्रांती कोठून मिळणार? एक दिवस आराम म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. तेव्हा निदान वावरातले काम हाही व्यायामच आहे, हे धरून त्या दिवशी धावणे कमी करावे. आणि घरच्यांनीही त्याला आळस म्हणू नये.

आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाने भरतीच्या तयारीतील विद्यार्थ्यांच्या अशा वह्या दर पंधरवड्यास तपासल्या आणि वर्षातून एकदा एखाद्या फिजिओथेरपिस्टचे व्याख्यान ठेवले, तर फार उपकार होतील. मैदानावर हरणे कोणाच्याही वाट्यास येऊ शकते. परंतु मैदानापर्यंत पोचण्याआधीच पाय मोडून बसणे, हे आपल्याला टाळता येण्याजोगे आहे.