स्क्रू आवळताय? जरा थांबा!

दोस्तांनो, दहिवडी-म्हसवड रस्त्यावरच्या एखाद्या जीपमध्ये स्पीकरभोवती चकचकीत ॲक्रिलिक शीट बसवलेली दिसली, तर तिचे स्क्रू नीट बघा. भोकापासून भेग गेली असेल, तर बसवणाऱ्यानं घाई केली म्हणायची! मीटरभर ॲक्रिलिक 30 अंशांनी तापलं, की सुमारे 2 मिलिमीटर वाढतं. लोखंड अर्धा मिलिमीटरही नाही. आणि माणमधलं ऊन तुम्हाला सांगायला नकोच. म्हणून भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडायचं, स्क्रू करकचून आवळायचा नाही. करवतीनं कापलेली कड पांढरट, खरबरीत दिसते. ती आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरनं पाणी लावून घासायची. कंटाळवाणं काम, पण शेवटी बफ मारला की कड काचेसारखी! पुसायला मात्र थिनर नको हं, त्यानं बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरे.