पिकअपचे पासिंग आणि काट्याची पावती

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारी परिसरातला कांदा, अद्रक, मका आणि कापूस बाजाराला निघतो तो बहुतेक पिकअपमधून. लासूर स्टेशनची बाजार समिती असो, वैजापूर असो की छत्रपती संभाजीनगर, थेट वावरात शिरून माल उचलणारी आणि त्याच दिवशी परत येणारी एवढी सोयीची दुसरी गाडी नाही. म्हणूनच तिच्या पासिंगबद्दल, म्हणजे मान्य वजन-मर्यादेबद्दल, रूढ झालेला एक समज दुरुस्त व्हायला हवा. चढाला गाडीला दम लागत नाही तोवर माल जास्त झालेला नाही, असे सर्रास मानले जाते. आजचे डिझेल इंजिन पासिंगच्या दीडपट मालही कुरकुर न करता ओढते, त्यामुळे ही कसोटी नेमकी गाडीच्या सर्वांत दणकट भागाला लावली जाते. पासिंगचा आकडा ठरवताना मागचा एक्सल, टायर, पाटे, चॅसिस आणि ब्रेक यांतला सगळ्यात कमजोर भाग धरावा लागतो. किती वजन घेऊन गाडी वेळेत थांबेल आणि मोडणार नाही, ते हा आकडा सांगतो.

आधी हिशेब पाहू. आरसीवर दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरल्या गाडीचे जास्तीत जास्त. समजा ती 1,650 आणि 3,000 किलो आहेत. फरक 1,350 किलो, म्हणजे 50 किलोच्या 27 गोण्या, असे कोणीही पटकन म्हणेल. पण ड्रायव्हर आणि शेजारी बसलेला शेतकरी यांचे 150 किलो याच फरकातून जातात. हौद्यावर मागाहून चढवलेली लोखंडी जाळी 120 किलोची असेल, ताडपत्री आणि दोरखंड 30 किलोचे. मालाला उरतात 1,050 किलो, गोण्या 21. त्या गाडीत 40 गोण्या टाकल्या की एकूण वजन 3,950 किलो होते, मर्यादेपेक्षा जवळपास एक तृतीयांश जास्त. कापसात हे सहसा घडत नाही, कारण हौदा आधी भरतो आणि वजन मागे राहते. कांदा आणि अद्रक मात्र फसवतात. हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडीची मर्यादा संपलेली असते.

या जादा वजनाचे काय होते ते उतारावर कळते. तीन टनांची गाडी शंभर मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दहा लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. साडेचार टनांची गाडी असेल तर पंधरा लिटर. यातली काही उष्णता खालच्या गिअरमध्ये इंजिन आणि वारा घेतो, उरलेली सगळी ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये शिरते. लायनर ठरावीक तापमानाच्या पुढे तापला की त्याची पकड सुटते. पायाला पेडल तेवढेच लागते, गाडी मात्र थांबत नाही. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने कन्नडजवळच्या औट्रम घाटात अवजड वाहनांना बंदी झाली आणि ती वाहतूक देवगाव रंगारी–शिऊर बंगला रस्त्याकडे वळली. पिकअपला घाट मोकळा राहिला. पण आपल्या ब्रेकच्या मानाने दीडपट भरलेली पिकअप त्या उतारावर अवजड वाहनाइतकीच धोक्याची असते, आणि तिला बंदीच्या फलकावर कुणी अडवत नाही.

यावर गॅरेजमध्ये मिळणारे ठरलेले उत्तर म्हणजे एक जादा पाटा. पाटा टाकला की गाडी बसत नाही, हे खरे. पण ब्रेकचा ड्रम तोच राहतो, टायर तोच राहतो, एक्सलची नळीही तीच. उलट कडक पाट्यांमुळे खड्ड्याचा धक्का थेट चॅसिसला जातो. याहून वाईट गोष्ट सहसा लक्षात येत नाही. काही गाड्यांत मागच्या एक्सलपासून चॅसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत छोटी दांडी असते. वजनाने हौदा खाली बसला की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जादा पाट्याने हौदा बसलाच नाही, तर व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच राहते आणि भरल्या गाडीच्या मागच्या चाकांना ब्रेक कमी लागतो. माल कुठे रचला यानेही फरक पडतो. दोन एक्सलमधले अंतर तीन मीटर असताना 600 किलो माल मागच्या एक्सलच्या अर्धा मीटर मागे ठेवला, तर पुढच्या चाकांवरचा भार 100 किलोंनी हलका होतो आणि मागच्या एक्सलवर 700 किलो येतात. स्टिअरिंग हलके लागते ते यामुळेच.

मागे पाण्याचा टँकर किंवा मळणीयंत्र जोडले की प्रकरण आणखी नाजूक होते. अमेरिकेत पिकअपबरोबर ओढण्याच्या वजनाचा वेगळा आकडा दिलेला असतो. आपल्याकडच्या छोट्या मालवाहू पिकअपला कंपनीने तसा आकडा लिहून दिलेला नसेल, तर तो शून्य समजावा. एक टनाच्या ट्रेलरचे दहा ते पंधरा टक्के वजन जोडणीच्या पिनवर येते, तेही एक्सलच्या मागे, आणि ते पासिंगमधूनच वजा होते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर थांबताना तो गाडीला मागून ढकलतो आणि वळणावर आडवी करतो.

आक्षेप दोन येतात. सरकारनेच 2018 मध्ये वजन वाढवून दिले, हा पहिला. ती वाढ जड ट्रकच्या एक्सलवरील मर्यादेची होती. तीन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन तेव्हा 25 टनांवरून 28.5 टन झाले. जुन्या पिकअपचे ब्रेक त्या अधिसूचनेने मोठे झाले नाहीत. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: पासिंगप्रमाणे भरले तर गाडीचा हप्ता निघत नाही. हे दुखणे खरे आहे आणि ते एकट्या ड्रायव्हरच्या गळ्यात बांधणे अन्याय ठरेल. भाडे गोणीवर ठरते, शेजारचा 40 गोण्या नेतो, म्हणून 21 नेणाऱ्याला कुणी बोलावत नाही. पण भाड्याचा दर पडला आहे तो याच जादा गोण्यांमुळे, आणि सगळ्यांनीच जास्त भरल्यावर जास्त भरण्याचा फायदा कुणालाच उरत नाही. उरतो तो टायर, क्लच आणि बेअरिंगचा खर्च. मोटार वाहन कायद्याचे कलम 194 जादा भरलेली गाडी चालवणाऱ्याबरोबरच ती तशी चालवायला लावणाऱ्यालाही धरते. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. भाडे ठरवतानाच गोण्यांची संख्या आरसीवरून ठरवायची, ही मागणी शेतकरी आणि व्यापारी या दोघांकडे करायला हवी.

पुरावा तर आधीच खिशात असतो. बाजार समितीत गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते आणि दोन्ही वजने पावतीवर छापून येतात. भरल्या गाडीचा आकडा आरसीवरच्या आकड्याशेजारी ठेवला की प्रश्न सुटतो. काट्यावर गर्दी नसेल तर आधी फक्त पुढची चाके चढवून वजन घ्यावे, मग पूर्ण गाडीचे. वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती आले ते कळते, आणि पुढच्या खेपेला गोण्या केबिनकडे किती सरकवायच्या तेही.