दोन शंकर नगरे आणि पाचशे मीटरचा पट्टा

रायपूरप्रमाणे नागपुरातही एक शंकर नगर आहे. दोन्ही वसाहती मध्यमवर्गीयांनी, नोकरदारांनी आणि पेन्शनरांनी वसविलेल्या. दोहोंतील अंतर रेल्वेने सुमारे तीनशे किलोमीटर. नागपूरच्या शंकर नगर चौकात आज मेट्रोचे स्थानक उभे आहे, तर रायपूरच्या शंकर नगरात मेट्रोची केवळ चर्चा आहे. तरीही घर घेऊ इच्छिणाऱ्या किंवा जुने घर विकासकाच्या हाती सोपवू पाहणाऱ्या रायपूरकर मराठी कुटुंबांना नागपूरचा अनुभव ध्यानात घ्यावा लागेल.

नागपूर मेट्रोचे काम २०१५ साली सुरू झाले. सीताबर्डी ते लोकमान्य नगर ही शंकर नगरातून जाणारी मार्गिका जानेवारी २०२० मध्ये धावू लागली. घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल मात्र त्याआधीच, २०१७ साली झाला होता. मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यात राज्य शासनाने वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक मंजूर केला. त्याची कमाल मर्यादा चार. पुण्यात हाच लाभ स्थानकाभोवतालच्या पाचशे मीटरच्या वर्तुळापुरता आहे. पुढे २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत या तरतुदी समाविष्ट झाल्या. केंद्राचे मेट्रो रेल धोरण आणि संक्रमणाभिमुख विकासाचे राष्ट्रीय धोरण, दोन्ही २०१७ चीच. त्यांमागील विचार सरळ आहे : स्थानकाला पायी जाता येईल अशा अंतरात अधिक माणसे राहिली, तर मेट्रोला प्रवासी मिळतील, आणि वाढलेल्या जमीनमूल्याचा काही वाटा प्रकल्पाच्या खर्चासाठी परत येईल.

या 'चार' आकड्याने पट्ट्यातील अनेक घरमालकांच्या आशा पल्लवित केल्या. वस्तुतः तो आकडा सर्वांसाठी नाही. किती निर्देशांक मिळणार हे समोरच्या रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्रफळ या दोहोंवर ठरते, आणि त्यांतील जी अट तोकडी पडेल तीच लागू होते. नऊ मीटरच्या गल्लीतील दोनशे चौरस मीटरच्या भूखंडाला चार निर्देशांक मिळत नाही. शिवाय मूळ निर्देशांकावरील बांधकामासाठी अधिमूल्य भरावे लागते. त्यामुळे खरा लाभ रुंद रस्त्यावरील मोठ्या भूखंडांना होतो. लहान मालकांना तो हवा असेल, तर शेजाऱ्यांनी एकत्र येऊन भूखंडांचे एकत्रीकरण करावे लागेल. दोन भावांच्या वाटणीवरून वर्षानुवर्षे खटले चालणाऱ्या समाजात चार शेजाऱ्यांचे एकमत किती सुलभ, याचा अंदाज वाचकांनीच करावा!

खरेदीदाराच्या बाजूनेही एक खर्च आहे. नागपूर, पुणे आदी शहरांत मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी मुद्रांक शुल्कासोबत मालमत्तेच्या मूल्यावर एक टक्का अधिभार आकारला जातो. मध्यंतरी तो स्थगित होता. १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा लागू झाला. साठ लाखांच्या सदनिकेवर ही रक्कम साठ हजार रुपये होते. सदनिका स्थानकापासून आठ किलोमीटर दूर असली तरी शहराच्या हद्दीत ती भरावीच लागते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, अगदी लहान किमतीची घरे वगळता, मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च घराच्या किमतीत धरून कर्ज देता येत नाही. तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला घराच्या मूल्याच्या ऐंशी टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे या सदनिकेवर अठ्ठेचाळीस लाखांपर्यंत कर्ज. उरलेले बारा लाख आणि मुद्रांक, अधिभार, नोंदणी हे सारे ग्राहकाने पदरचे घालावयाचे. अनेक कुटुंबांचे गणित नेमके येथेच चुकते आणि मग सोने मोडण्याची किंवा महागड्या वैयक्तिक कर्जाची वेळ येते.

आता रायपूरकडे वळू. येथे रूळ होते, ते निघाले. रायपूर-धमतरी ही नॅरोगेज गाडी शंकर नगराला लागून जात असे. शहरातील भाग २०१७ मध्ये बंद झाला आणि त्या जागेवर रेल्वे स्थानकापासून केंद्रीच्या दिशेने एक्स्प्रेसवे झाला. रुळांच्या जागी मोटारींचा रस्ता आला, त्याने पोहोच सुधारली; पण पायी गाठण्याचे स्थानक त्याने दिले नाही. ३० मार्च २०२५ रोजी सुरू झालेली रायपूर-अभनपूर मेमू मंदिर हसौद आणि नवा रायपूरमार्गे जाते. तिचा लाभ मुख्यतः त्या बाजूच्या वसाहतींना. रायपूर-दुर्ग मेट्रोच्या सर्वेक्षणासाठी राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली. सर्वेक्षणानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, केंद्राची मंजुरी, मार्गाची निश्चिती आणि मग नियमांत बदल, असा हा क्रम असतो. नागपुरातही मार्ग ठरल्यावरच निर्देशांक आला.

तेव्हा 'पुढे मेट्रो येणार' म्हणून कोणी चौरस फुटामागे जादा दर मागत असेल, तर बँकेचा मूल्यमापक त्या शब्दाला किंमत देत नाही. तो मंजूर नकाशा, प्रत्यक्ष बांधकाम आणि परिसरातील झालेले व्यवहार पाहतो. मागितलेला दर आणि मूल्यांकन यांतील फरक ग्राहकाच्या बचतीतून जातो. जुना बंगला विकासकाला देणाऱ्यानेही करारात भावी वाढीव निर्देशांकाचा हक्क कोणाचा, हे कलम स्पष्ट लिहून घ्यावे. करार मोघम राहिल्यास पुढे निर्देशांक वाढल्यावर त्यावर विकासक दावा सांगू शकतो, आणि मूळ मालकाला दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या दोन सदनिकांवरच समाधान मानावे लागते.