घारापुरीची शाही पंगत

न्हावा-शेवा बंदराच्या याऱ्या जेथून स्पष्ट दिसतात, ते घारापुरीचे बेट मुंबईकरांच्या लेखी मुंबईचेच असले, तरी सरकारी दप्तरात ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, म्हणजे नवी मुंबईच्या शेजारात मोडते. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली तेथील शैव लेणी सर्वश्रुत आहेत. त्याच लेण्यांत १८७५ साली ब्रिटिश युवराजाची पंगत बसली होती, हे मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

त्या वर्षी ८ नोव्हेंबरास राणी व्हिक्टोरियाचे ज्येष्ठ चिरंजीव प्रिन्स ऑफ वेल्स ‘सेरापिस’ जहाजातून मुंबईस उतरले, तेव्हा तोफांच्या सलाम्या, नजराणे आणि संस्थानिकांच्या मानपानाची काटेकोर मोजमापे असा सारा दरबारी सरंजाम सज्ज होता. बडोद्याच्या गादीवर नुकतेच दत्तक आलेले बारा वर्षांचे सयाजीरावही जडजवाहिराने मढून त्या समारंभात हजर होते. पुढे काही दिवसांतच युवराज लवाजम्यासह बंदराचे पाणी ओलांडून घारापुरीस आले, आणि लेण्याच्या खांबांमध्ये मेजे मांडून त्यांना विलायती खाना वाढण्यात आला.

प्रेक्षकाच्या डावीकडे मिशाळ, सर्पधारी अघोर, मध्यभागी मिटल्या पापण्यांचा तत्पुरुष आणि उजवीकडे हाती कमळ घेतलेला कोमल वामदेव अशी ती सुमारे अठरा फुटी महेशमूर्ती ज्या लेण्यात आहे, तेथे काटे-चमचे वाजावेत, ह्यात यजमानांस औचित्यभंग वाटला नसावा. परक्या सत्तेला आपल्या थाटास पुरातनत्वाची महिरप हवी असते, आणि ती येथे आयतीच कोरलेली मिळाली. पोर्तुगीज शिपायांनी ह्याच शिल्पांवर नेम धरले असे सांगतात. त्या मानाने हे सभ्यच म्हणायचे! अर्थात १८६४ साली बेटावरचा दगडी हत्ती विलायतेस नेण्याच्या खटपटीत यारी मोडून त्याचे तुकडे झाले, ते इंग्रजांच्याच हातून.

दौऱ्यापाठोपाठ पार्लमेंटने राणीस सम्राज्ञीपदाचा किताब मंजूर केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली. मेजवानीपुरते उजळलेले बेट मात्र पूर्ववत काळोखात गेले. शेतबंदर, मोरबंदर व राजबंदर ह्या वस्त्यांना समुद्राखालून आलेली कायमची वीज मिळण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

लेणी सोमवारी बंद असतात. इतर दिवशी शक्यतो सकाळी जावे; मुख्य द्वार उत्तरेस असून पूर्व-पश्चिमेच्या चौकांतूनही उजेड आडवा येतो, आणि तीन मुखांवरील छाया त्यासरशी पालटत जातात.