मुखत्याराची भाषा

ज्याला कचेरीत जातीने हजर राहणे शक्य नाही तो मुखत्यार नेमतो. परंतु मुखत्यार कितीही कर्तबगार असला, तरी त्याची भाषा अशिलास येत नसेल तर मुखत्यारपत्र दप्तरातच पडून राहते. संगणकाच्या जगातील प्रॉक्सी हा असाच मुखत्यार होय. दूरच्या संगणकाशी संभाषण करण्यासाठी प्रोग्रॅम जे द्वार उघडतो त्यास सॉकेट म्हणतात, आणि पुष्कळ कार्यालयांत या द्वारातून निघालेला निरोप प्रथम प्रॉक्सीच्या हाती द्यावा लागतो.

मात्र प्रॉक्सींच्या जाती अनेक. एचटीटीपी जातीची प्रॉक्सी ‘कनेक्ट’ असा शब्दांतला हुकूम घेते, सॉक्स जातीची अंकांचे संकेत जाणते, आणि सॉक्सच्याही चौथ्या व पाचव्या आवृत्तींची बोली निराळी. तेव्हा सेटिंगमध्ये आपणांस अपरिचित अशी जात लिहिलेली आढळली, तर प्रोग्रॅमने काय करावे?

एक मार्ग अंदाजाचा. ‘कर्ल’ या सुप्रसिद्ध साधनाच्या जुन्या आवृत्त्या अपरिचित जातीकडे काणाडोळा करून तिला एचटीटीपीच समजत. डिसेंबर २०१६ मधील ७.५२.० या आवृत्तीपासून मात्र तेथे सरळ त्रुटी दाखविली जाऊ लागली. दुसरा मार्ग प्रॉक्सीला वगळून थेट जाण्याचा. हा वरकरणी सोयीचा वाटला, तरी ज्याने आपला पत्ता झाकण्यासाठीच मुखत्यार नेमला, त्याचा पत्ता या तत्परतेने समोरच्याच्या हाती पडतो, आणि काम झालेले दिसत असल्यामुळे त्या बिचाऱ्यास त्याची गंधवार्ताही लागत नाही.

तिसरा मार्ग स्पष्ट नकाराचा, आणि सॉक्सच्या पाचव्या आवृत्तीच्या कर्त्यांनी मार्च १९९६ च्या मसुद्यातच त्याची तरतूद करून ठेवली आहे: ओळख पटविण्याची सुचविलेली एकही पद्धत मान्य नसेल तर प्रॉक्सीने २५५ हा अंक कळवावा व अर्जदाराने जोडणी बंद करावी, मागितलेली क्रिया येत नसेल तर ७, पत्त्याचा प्रकार कळत नसेल तर ८. नकाराबरोबर कारणही हाती पडते. जावा भाषेत तर अयोग्य जातीची प्रॉक्सी दिल्यास सॉकेट घडतानाच हरकत घेतली जाते, म्हणजे एकही अक्षर बाहेर पडण्यापूर्वी.

वापरणाऱ्यास मात्र नुसता अंक दाखवून भागत नाही. ‘दिलेली प्रॉक्सी अमुक जातीची आहे, मला एचटीटीपी व सॉक्स ५ एवढ्याच येतात’ असे जो प्रोग्रॅम सांगतो, त्याच्यापाशी काम अडले तरी माणूस अडत नाही. सेटिंगमधली कोणती ओळ बदलावयाची, हे त्याला तेथल्या तेथे उमगते.